असोद्याच्या भरतातलं विष

"सही करायची नाही, एवढं माझं ठरलंय," खुर्चीत टेकायच्या आधीच ती मुलगी म्हणाली. "पुढचं तुम्ही सांगा, अक्का."

धुळ्याच्या पाचव्या गल्लीत एका सायकलच्या दुकानावर कमलबाई भोळे यांची कचेरी आहे. कचेरी म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि काचेच्या नळ्यांनी भरलेलं एक जुनं कपाट. बाईंनी एकवीस वर्षं एका प्रयोगशाळेत अन्नाचे नमुने तपासले. मग एके दिवशी साहेबांनी एक खोटा अहवाल पुढे सरकवला. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि घरी निघून आल्या. तेव्हापासून त्या खाजगी तपास करतात. अशा बाईसमोर 'सही करायची नाही' हे शब्द पडले, म्हणजे अर्धं काम झालंच म्हणायचं.

"सुपडू, चहा सांग," बाई म्हणाल्या.

"माझा रोजा आहे," मुलगी म्हणाली.

"मग कुणालाच नको. बस. नाव सांग आणि पहिल्यापासून सांग."

सुपडूचा चेहरा पडला. सोनगीरचा हा गडी, पोलिसातून शिपाई म्हणून निवृत्त झालेला, आता बाईंची व्हॅन चालवायचा. मनाने सोन्यासारखा, पण डोकं जरा सावकाश चालायचं. चहा बुडाला की तेही थांबायचं.

मुलीचं नाव सबीहा रहीम मणियार. वय एकोणतीस. जळगावच्या एमआयडीसीत तापी वेफर्स नावाचा कारखाना आहे, तिथे ती आर्सेनिक खोलीची प्रमुख.

"आर्सेनिक? म्हणजे सोमल?" सुपडू दचकला. "ते विष कारखान्यात कशाला?"

"तुमच्या खिशातल्या मोबाइलसाठी, काका," सबीहा म्हणाली. "गॅलियम आणि आर्सेनिक बंद भट्टीत एकत्र वितळवतात. त्याचा स्फटिक होतो. आम्ही त्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या कापतो. मोबाइलच्या चिपा, लाल दिवे, त्यातून होतात. आर्सेनिक विषारीच आहे. म्हणून तर माझी नोकरी आहे."

"आणि झालं काय?"

"रविवारी असोद्याला भरीत पार्टी झाली. सोमवारी लोकांना उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. आमच्याकडे धोक्याच्या भागाची पिवळी रेघ ओलांडणाऱ्या प्रत्येकाची दर आठवड्याला लघवी तपासतात, अगदी गेटवरच्या पहारेकऱ्याचीसुद्धा. काल, गुरुवारी, अहवाल आला. अकरा जणांच्या अंगात आर्सेनिक निघालं."

"बोंबील खाल्ले असतील," सुपडू एकदम म्हणाला. "मी ऐकलंय, मासे खाल्ले की ते दिसतं."

कमलबाईंनी त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. असं वर्षातून एकदा व्हायचं.

"बरोबर आहे, काका. पण माशांतलं वेगळं असतं, ते निरुपद्रवी. डॉक्टरांनी दोन्ही वेगवेगळं मोजलं. हे वाईटातलंच आहे." सबीहानं पर्समधून एक कागद काढला. "आता सगळे म्हणतात, खोलीची किल्ली सबीहाकडे. भरीत ठेचलं सबीहानं. आणि सबीहानं स्वतः घासभर खाल्लं नाही. माझा अहवाल स्वच्छ आहे, अक्का. तोच माझा गुन्हा झालाय."

कागदावर छापलं होतं : माझ्या निष्काळजीपणामुळे आर्सेनिक खोलीबाहेर गेले, याची मी कबुली देते. खाली सहीची रिकामी जागा.

"आज पाच वाजेपर्यंत सही केली तर नुसती नोकरी जाईल. नाही केली तर विष घातलं म्हणून पोलिसात तक्रार. अब्बा म्हणतात, कर सही, पोरी, बदनामी नको. मोहल्ल्यात लोक बघून कुजबुजतात. मी नाही करणार. सहा वर्षांत माझ्या खोलीतला एक कण बाहेर गेलेला नाही. जे झालं नाही ते मी माझ्या हातानं लिहून द्यायचं?"

तिचा आवाज चढला होता. डोळ्यांत पाणी होतं, पण ते तिनं गालावर येऊ दिलं नाही. कमलबाई उठल्या आणि कपाटातून एक निळी पेटी काढून त्यांनी ती सुपडूच्या हातात दिली.

"गाडी काढ. पाच वाजायला साडेसात तास आहेत."

---

जळगावला पोचेपर्यंत बाईंनी अकरा नावांची यादी तीनदा वाचली. यादीत भट्टीवरचे चार, कटाईवरचे चार, एक ड्रायव्हर, देखभाल विभागाचा प्रमुख हितेंद्र बऱ्हाटे आणि गेटवरचा पहारेकरी चुडामण होता.

"हितेंद्र कोण?"

"त्यांनीच पार्टी ठरवली होती. बेबाबाई त्यांची मावशी लागते, शेत तिचंच. तेही आजारी पडले. सोमवारी त्यांनाही सलाइन लावलं."

कारखान्याचा व्यवस्थापक पियुष झंवर पस्तिशीचा होता. इस्त्री कडक, घाम जास्त.

"बाई, तुमच्याबद्दल आदर आहे," तो म्हणाला. "पण गोष्ट उघड आहे. आर्सेनिक जळगावात कुठे मिळतं? आमच्याकडे. आमच्याकडे कुणाच्या ताब्यात आहे? हिच्या."

"तुमच्या खोलीतलं कमी झालंय का?"

पियुष अडखळला. "नाही. चौदा सीलबंद कुप्या होत्या, चौदा आहेत. मी स्वतः वजन केलं. पण कापताना भुकटी निघतेच ना..."

"पाण्याखाली कापतो आम्ही," सबीहा ताडकन म्हणाली. "भुकटी हवेत उडतच नाही, गाळ होतो. गाळ बंद पिंपात जातो. तुम्हीच ते पाहुण्यांना मिरवून दाखवता, सर."

बाईंनी खोली बाहेरून काचेतून पाहिली. दोन दारं, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. छताला हवा ओढणारी नळकांडी. दाराशी कोपरापर्यंत हात धुवायची जागा. कपडे तिथेच बदलायचे, तिथेच धुवायचे, घरी न्यायचे नाहीत. भिंतीवर सबीहाच्या ठसठशीत अक्षरांत पाटी : 'इथे तंबाखू मळणाऱ्याला मी स्वतः बाहेर काढीन.'

"काढलंस कधी?" बाईंनी विचारलं.

"झंवर सरांच्या मेहुण्याला," सबीहा म्हणाली.

पियुषनं खोकून विषय बदलला. "पुरावाही आहे. व्हिडिओ." त्यानं मोबाइल पुढे केला.

दिवस कलतानाचं शेत. लिंबाखाली सबीहा लाकडाच्या खोलगट बडगीत वांगी ठेचते आहे. शेजारच्या पांढऱ्या डबीतून चिमूटभर काहीतरी काढते आणि बडगीत टाकते. मागे लांब, दुसऱ्या झाडाच्या सावलीत, खड्ड्यातल्या आगीवर वांगी भाजली जात आहेत. चार-पाच जण भोवती खोकत, डोळे चोळत हसत आहेत. कुणीतरी ओरडतं, "अरे, दिवाळी आली!"

"बघा ती डबी," पियुष म्हणाला.

"बघितली," बाई म्हणाल्या. "पुन्हा लावा." मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी त्यांनी सबीहाच्या चेहऱ्यावर अंगठा ठेवून तो झाकला आणि उरलेलं चित्र पाहिलं. "काढला कुणी हा व्हिडिओ?"

"हितेंद्रनं. त्यानंच आणून दिला. संशयही पहिल्यांदा त्यालाच आला."

"डबीत मीठ होतं," सबीहा म्हणाली. "रोजा असताना चाखून कसं बघणार? बेबाबाईंनी चाखलं. रोजा सोडायला मी घरी गेले, जेवायला थांबलेच नाही."

---

हितेंद्र बऱ्हाटे देखभालीच्या खोलीत भेटला. चाळिशीचा, उंच, अजून चेहऱ्यावर आजारपण. बोलणं मात्र लाघवी.

"मला सबीहाताईबद्दल वाईट वाटतं, अक्का. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. हाताला लागून आलं असेल. पण मीही मरता मरता वाचलोय हो."

"दिसतंय. तुम्हाला हे आर्सेनिक असेल असं कधी वाटलं?"

"काल. अहवाल आला तेव्हा. तोपर्यंत आम्ही सगळे म्हणत होतो, तेल खराब असेल."

"गुरुवारच्या आधी मनात आलं नाही?"

"कसं येणार? मी मेकॅनिकल माणूस. पंप, पंखे, कूलिंग टॉवर, एवढंच माझं जग."

"कूलिंग टॉवर नवा दिसतोय मागचा."

"जानेवारीत बसवला. फायबरचा. जुना लाकडी होता, इथे आधी तेलाची गिरणी होती ना, तिच्या वेळचा. पाडला."

"लाकडाचं काय केलंत?"

"नियमाप्रमाणे विल्हेवाट," हितेंद्र म्हणाला. "कागद फायलीत आहे."

बाहेर पडल्यावर सुपडू कुजबुजला, "अक्का, हा नाही. हा तर स्वतः आजारी पडला. स्वतःला कोण विष घालतं?"

"बरोबर. स्वतःला कुणी विष घालत नाही," बाई म्हणाल्या. "हे लक्षात ठेव, मला नंतर लागेल."

गेटवर चुडामण एका नव्या ठोकलेल्या बाकावर बसला होता. शिंदखेड्याचा म्हातारा, आवाज बसलेला, डोळे लाल.

"चुडामण नाना, तब्येत कशी आहे?"

"आते बरं शे अक्का. घसा बठना, डोया जयजय करतस." त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. "मीच चूल धरी बठनू व्हतू ना. बठ्ठा धूर मन्हाच तोंडवर."

"आणि भरीत कसं होतं?"

म्हाताऱ्यानं दुःखानं मान हलवली. "भरीत नका इचारू. काशीले गयथू, तठे वांगं सोडी उनू. सहा वरीस व्हयनात. वास येस नि जीव जास, पन तोंडमा नही टाकस."

सुपडूला हसू आवरेना. जळगावात राहून काशीला वांगं सोडायचं म्हणजे समुद्रकाठी राहून मीठ सोडण्यासारखं.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्या वाकून बाकाकडे पाहत होत्या. बाकाच्या फळ्या अरुंद, जुन्या, ओळीनं खिळ्यांची भोकं पडलेल्या. वरून करड्या, पण जिथे करवत लागली होती तिथे आतला रंग हिरवट होता.

"लाकूड छान मिळालं तुम्हाला."

"हितेंद्रभाऊनी दिन्हं. जुना टावरनं. बठ्ठासले वाटं, ज्याले जितलं पाहिजे तितलं. चांगलं वायेल लाकूड, अक्का. वाळवी लागत नही."

"गाडी येऊन काही घेऊन गेली नाही?"

"कोनती गाडी? मन्हा गेटमाईन बाहेर गाडी गई नि माले मालूम नही, असं व्हई का?"

बाईंनी चाकूनं हिरवट कडेचा थोडा भुगा खरवडून पुडीत बांधला. "नाना, आजच्या दिवस या बाकावर बसू नका. आणि हात धुऊन घ्या, साबणानं," त्या म्हणाल्या. चुडामणला काही कळलं नाही, पण तो उठून नळाकडे गेला.

---

असोद्याला बेबाबाईंच्या शेतावर पोचले तेव्हा दीड वाजला होता. साठीची बाई, सडसडीत, बोलायला लागली की पाट फुटल्यासारखी.

"ये माय सबीहा! तुले काय बोलू राह्यले ते लोक? माह्या समोर ठेचलं व्हतं तूनं. मीठ माहं, डबी माही, चाखलं मी. मले इचारा म्हनावं!"

"तुम्हीही आजारी पडलात?" कमलबाईंनी विचारलं.

"दोन दिवस उलट्या. पन मी तं वाचली. माही बकरी मेली." तिचा आवाज बारीक झाला. "गाभन व्हती. तठी, चुलीच्या खड्ड्याजवय बांधेल व्हती. सोमवारी सकायी पाय झाडत पडली."

"तिला वांगी घातली होती?" सुपडूनं विचारलं.

"दोन दिवस आधीपासून तिच्या तोंडाले मुसकं बांधेल व्हतं रे भाऊ, माही मेथी खाये म्हनून. रातच्याले सोडलं. तं राख चाटत बसली. गाभन बकरी चाटतेच."

कमलबाईंनी सुपडूकडे पाहिलं. सुपडूनं मान डोलावली, म्हणजे त्याला काही कळलं नव्हतं.

"बेबाबाई, असोद्याचं भरीत तर काड्यांवर भाजतात ना? कपाशीच्या?"

बेबाबाईंच्या जिव्हाळ्याच्या विषयाला हात लागला होता. "त्येच तं! पऱ्हाटीवरच भाजावं, मंग त्याले चव. लाकडावर भाजेल ते काय भरीत? पन शुक्रवारी पानी पडलं ना, अवकाळी. बठ्ठ्या पऱ्हाट्या वल्ल्या. मी म्हनलं, पार्टी पुढच्या रयवारी करा. हितू म्हने, मावशे, लोकं सांगून ठेवले. मंग टेम्पो भरून लाकडं आनली त्यानं. भडभडा पेटली. पन आच कशी, हिरवी हिरवी! पोरं म्हने दिवाळी आली. अन् धूर असा तिखट, जेवायच्या आधीच बठ्ठे ठसकू राह्यले."

"त्या खड्ड्यातली राख दाखवता?"

"राख नही ना आता. मंगयवारी हितू आला. स्वताच्या अंगात तरान नही, सलाइन काढून आला, अन् राख पोत्यात भरून घेऊन गेला. म्हने, मावशे, शेतात घान नको. येवढ्या वर्षांत त्यानं माह्या शेतातला काडीकचरा कधी उचलला नही."

"सगळी नेली?"

"एक डबा मी आधीच काढेल व्हता, भांडे घासाले. पन हातले खाज सुटली, म्हनून ठेवून देला."

कमलबाईंनी डबा हातमोजे घालून उचलला. मग बेबाबाईंच्या घरच्या चुलीतली, पऱ्हाटीची राखही चिमूटभर मागून घेतली.

व्हॅनच्या मागच्या फळीवर निळी पेटी उघडली. विहिरीच्या पाण्यात आर्सेनिक आहे का, ते पाहण्याची ती साधी पेटी होती. तीन बाटल्या, तीन पुड्या, प्रत्येक बुचाखाली एक पांढरी कागदी पट्टी. पहिल्या बाटलीत घरच्या चुलीची राख, दुसरीत डब्यातली, तिसरीत चुडामणच्या बाकाचा भुगा. औषधं टाकून बाईंनी बुचं घट्ट लावली आणि घड्याळ पाहिलं.

वीस मिनिटांनी पहिली पट्टी पांढरीच होती. दुसरी आणि तिसरी तपकिरी झाल्या होत्या.

सबीहानं वाकून दोन्ही तपकिरी पट्ट्या पाहिल्या. मग म्हणाली, "सहा वर्षं मी दोन दारांआड ज्याला जपते, ते यांनी चुलीत घातलं?"

"चल," बाई म्हणाल्या. "हेच तिथे बोल."

---

साडेचारला पियुषच्या केबिनमध्ये पाच माणसं बसली आणि सुपडू दाराशी उभा राहिला. टेबलावर कबुलीचा कागद आणि त्यावर पेन तयार होतं. हितेंद्रनं चुडामणला तिथे पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"पियुषशेठ, तुमची चूक एकच झाली," कमलबाई म्हणाल्या. "आर्सेनिक हा शब्द ऐकला आणि तुम्ही सगळे आर्सेनिकच्या खोलीकडे धावलात. ज्या खोलीची राखण जिवापाड होते तीच एक जागा अशी आहे, जिथून ते गेलेलं नाही. चौदाच्या चौदा कुप्या तुम्हीच मोजल्यात."

"मग आलं कुठून?"

"तुमच्या यादीपासून सुरू करू. अकरा नावं. तुम्ही धरून चाललात, अकराही जणांनी भरीत खाल्लं. यातल्या एकानं भरीत खाल्लेलंच नाही. चुडामण नाना काशीला वांगं सोडून आलेत. भरतात विष होतं, तर ते यांच्या अंगात कसं गेलं?"

पियुषनं चुडामणकडे पाहिलं. चुडामणनं कान धरले. "काशी इश्वेश्वरनी आन, साहेब."

"ते चुलीपाशी बसले होते. यांनी धूर खाल्ला. दुसरी साक्ष बकरीची. तिनंही भरीत खाल्लं नाही, तिनं राख चाटली आणि मेली. तिसरी साक्ष तुमच्याच व्हिडिओत आहे. तुम्ही सगळे डबीकडे बघत बसलात. मागे लोक जेवायच्या आधीच खोकताहेत, आणि आगीच्या कडा हिरव्या आहेत. तांबं जळलं की आच हिरवी होते. चुलीत तांबं कुठून आलं?"

बाईंनी बाकाच्या भुग्याची पुडी टेबलावर ठेवली.

"वाळवी लागू नये म्हणून जुन्या काळी कूलिंग टॉवरच्या लाकडाला एक औषध पाजत. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक. लाकूड हिरवट होतं आणि पाण्यात वर्षानुवर्षं टिकतं. तसंच पडून राहिलं तर त्रास कमी. जाळलं, की थोडं आर्सेनिक धुरात आणि बाकीचं सगळं राखेत. असोद्याचं वांगं थेट आगीत घालतात. राखेनं माखलेलं बाहेर काढतात, राखेच्या हातांनी सोलतात. पऱ्हाटीची राख असती तर पोटात गेली काय, न गेली काय. ही राख विष होती. सबीहा लिंबाखाली धुरापासून लांब होती, सोललेली वांगी तिच्याकडे येत होती, आणि तिचा रोजा होता. म्हणून ती वाचली. तिच्या उपासाला तुम्ही कट म्हणालात."

तिन्ही पट्ट्या बाईंनी टेबलावर ठेवल्या आणि कुठली कशाची ते सांगितलं.

"म्हणजे अपघात," हितेंद्र घाईनं म्हणाला. "पाऊस पडला, काड्या ओल्या होत्या, चांगल्या मनानं लाकूड नेलं. मला काय माहीत त्यात काय आहे ते?"

"रविवारी माहीत नव्हतं, हे मी मानते. स्वतःला कुणी विष घालत नाही, हे आमच्या सुपडूनं आधीच सांगितलंय." दाराशी सुपडू ताठ झाला. "पण सोमवारी सलाइन लावून पडल्यावर आठवलं. टॉवर पाडताना आलेला कागद आठवला. पियुषशेठ, फाइल काढा."

पियुषनं फाइल काढली. वाचता वाचता त्याचा आवाज खाली गेला. 'औषध दिलेले लाकूड. जाळू नये. बंद गाडीतून घातक कचऱ्याच्या केंद्रावर पाठवावे.' खाली हितेंद्रची सही : पाठवले.

"गेटवरून अशी कुठलीही गाडी गेली नाही. नाना सांगतील. लाकूड लोकांना वाटलं गेलं आणि कागदावर केंद्रात पोचलं. आणि आता शेवटचं. आर्सेनिकचं नाव यांना कधी कळलं? गुरुवारी, असं हे मला दुपारी स्वतःच्या तोंडानं म्हणाले. तोपर्यंत तेल खराब असेल असं वाटत होतं. मग मंगळवारी, अंगात त्राण नसताना, असोद्याला जाऊन पोतं भरून राख का नेलीत, हितेंद्रराव? खराब तेलाचा माणूस तेलाचा डबा नेईल. राख नेणाऱ्याला राखेचं माहीत असतं."

हितेंद्रनं फाइल ओढून मिटली. "सही खोटी निघाली असती तर नोकरी गेली असती," तो अखेर म्हणाला. "मला वाटलं, सबीहाची नुसती बदली होईल."

"माझ्यावर पोलीस येणार होते, हितेंद्रभाऊ!" सबीहा उभी राहिली. "डॉक्टर चार दिवस तेल म्हणून औषध देत होते. तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही गप्प बसलात. स्वतःच्या मावशीलासुद्धा सांगितलं नाहीत!"

चुडामणनं तोंड फिरवून घेतलं.

पियुषनं कबुलीचा कागद उचलून चार तुकडे केले. मग घसा साफ केला. "सबीहा, कंपनीच्या वतीनं मी माफी मागतो. हितेंद्र राजीनामा देईल. पण हे आपल्या घरातच राहू दे. उद्या पेपरात 'आर्सेनिक' छापून आलं तर परदेशी ग्राहक पळतील. सोमवारी शांतपणे सगळ्यांकडून लाकडं गोळा करू. तूही बाहेर बोलू नकोस. तसं एका ओळीत लिहून दे, म्हणजे झालं."

सबीहानं त्याच्याकडे पाहिलं. मग हितेंद्रकडे वळली. "किती घरांत गेलं लाकूड?"

"चौतीस," तो पुटपुटला. "बहुतेकांनी बंबासाठी नेलं. आंघोळीच्या पाण्याला."

पाचचा भोंगा वाजला. पाळी सुटत होती. खाली अंगणात दोनशे माणसं बुटांचे आवाज करत गेटकडे निघाली होती. व्यवस्थापकाच्या टेबलामागे, खिडकीशी, आगीच्या सूचनेसाठी ठेवलेला माइक होता. सबीहा टेबलाला वळसा घालून तिकडे निघाली.

"सबीहा, ते बटण दाबलंस तर मी तुला वाचवू शकणार नाही," पियुष म्हणाला.

"सकाळपासून तुम्ही मला कुठे वाचवत होतात?" ती म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

"मी सबीहा रहीम मणियार, आर्सेनिक खोलीतून बोलतेय. सगळ्यांनी थांबा." अंगणातले बुटांचे आवाज थांबले. "ज्यांनी जुन्या टॉवरचं लाकूड घरी नेलंय, त्यांनी ते जाळू नका. त्यात आर्सेनिक आहे. रविवारी लोक आजारी पडले ते भरतानं नाही, त्या लाकडाच्या धुरानं आणि राखेनं. राखेनं भांडी घासू नका, झाडांना घालू नका, जनावरांना चाटू देऊ नका. घरी फोन करा. आत्ता करा. ज्यांच्याकडे जाळलंय, त्या घरच्या प्रत्येकाची उद्या सकाळी इथे तपासणी होईल. कंपनीनं नाही केली तर मी नेईन."

मग एकदम दोनशे मोबाइल बाहेर आले आणि अंगणात कालवा झाला. पियुष कपाळाला हात लावून बसला. त्याला अडवायचं होतं की नाही, हे त्यालाही ठरवता आलं नसावं. थोड्या वेळानं त्यानं फोन उचलला आणि डॉक्टरांचा नंबर लावला.

गर्दीतून कटाईवरची एक बाई खिडकीखाली धावत आली. पदर सुटला होता. "ताई! आमची सासू आज ती लाकडं पहिल्यांदाच बंबात घालणार होती, आत्ता पेटवलाही असेल. सकाळी म्हणत होती, नातवाला न्हाऊ घालायचंय. फोन कुणी उचलत नाही!"

"घर कुठे?"

"मेहरूणला."

"मी येते. शेजाऱ्यांना फोन लाव, पोराला घराबाहेर काढायला सांग."

सबीहानं दाराजवळच्या खुंटीवरचा धुराचा मास्क आणि लांब हातमोजे घेतले. रोजा सोडायला अजून दीड तास होता, ओठ सुकले होते. जिना उतरताना तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

कमलबाई सुपडूकडे वळल्या. या वेळी त्याला काही सांगावं लागलं नाही. किल्ली हातात घेऊन तो तिच्या आधी व्हॅनपाशी पोचला होता.